चुलीखालचा खडक

यंदा पुन्हा उजनीचं पाणी उतरलं. भिगवण मागे टाकून सोलापूरकडे निघालं की एरवी डाव्या हाताला आभाळाएवढं पाणी असतं. वैशाखात तेच पाणी आकसत आत जातं आणि पोटात दडवलेलं सगळं उघड्यावर टाकून देतं. भेगाळलेला गाळ, चिलापी माशांचे वाळके सांगाडे, कुणाच्या तरी घराचं जोतं, एखाद्या देवळाचा कळस. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. गाळपेरीची कलिंगडं विकायला बसलेल्या बाया त्यांना फोडी कापून देतात. मीही थांबतो. काच खाली केली की तो वास आत येतो, शेवाळ, मासळी आणि तापलेला दगड यांचा मिळून झालेला. बायको म्हणते, "काच वर घ्या." मी घेतो. पण तोवर माझ्या कानात 'घूं' सुरू झालेलं असतं.

हे 'घूं' म्हणजे रक्तदाबाचं लक्षण नाही, तशी तपासणी करून झाली आहे. ते खडकाचं बोलणं आहे. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी ते ऐकलं.

तेव्हा मी नुकताच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो. आमच्या वस्तीवरचा पहिलाच. नोकरी नव्हती. माळेगावच्या कारखान्याचा भोंगा झाला की जेवायचं आणि पुढचा भोंगा झाला की उठायचं, असा दिवस जायचा. कुणाचा रेडिओ बंद पडला तर माझ्याकडे यायचा आणि म्हशीला करंट बसला तर म्हैसही माझ्याकडेच यायची. दोघांपैकी कुणालाही माझ्यामुळे गुण आल्याचं आठवत नाही.

घरात आम्ही चौघं. आबा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि अनुसया आत्या. आत्या आबांची थोरली बहीण. आबा तिला अक्का म्हणायचे, ती त्यांना शंकरा. ती एका पावसाळ्यात आजारपणासाठी माहेरी आली आणि परत गेलीच नाही. म्हणजे ती गेली होती, तिला घेतलं नव्हतं.

तिचं सासर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या ऐन काठावर. ती माणसं मागच्या पिढीपर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारी. आत्याच्या सासूने हिंडणं थांबवलं तेव्हा कळप मोडला आणि त्याची सोन्याच्या पुतळ्यांची माळ केली. एवढी मेंढरं एका डबीत मावली याचं त्या बाईला फार कौतुक होतं म्हणे. रानोमाळ राहणाऱ्या त्यांच्या बायकांची एक जुनी रीत होती. किमती जिन्नस चुलीखाली पुरायचा आणि वर जाळ ठेवायचा. चोर सगळीकडे हात घालील, विस्तवात घालणार नाही. घर बांधून एका जागी बसली तरी सासूने ती रीत सोडली नाही. घर खडकावरच उभं होतं. चुलीच्या जागी तिने खडकात छिन्नीने हातभर खळगा कोरून घेतला, त्यावर फरशी, फरशीवर चूल. ती जागा तिने एकट्या थोरल्या सुनेला दाखवली. थोरली सून म्हणजे आत्या.

पुढे आत्याचा नवरा तापाने गेला. पदरात संपत, दुडदुडता. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आत्या पोराला दिराकडे ठेवून आमच्याकडे अंथरुणाला खिळलेली. तिकडे घाईघाईने घर हललं, आणि त्या हलवाहलवीतच सासू गेली, कुणाला काही न सांगता. आत्या परतली तेव्हा तिच्या चुलीवर दोन पुरुष पाणी होतं. दिराने, दत्तोबाने, विचारलं, "माळ कुठं हाय?" तिने पाण्याकडे बोट केलं.

"जितं कुणाचा हात पोचत न्हाय तितलीच जागा दावती," दत्तोबा म्हणाला. "लई शाणी हाय वैनी."

माळ तिने भावाला दिली, असं भावकीत ठरलं. संपतला त्यांनी ठेवून घेतलं आणि तिला परत पाठवलं. पुढे आबांनी विहिरीवर इंजिन बसवलं, तर ते इंजिन त्या माळेचंच असं धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणात बोललं जायचं. आमचं इंजिन सुरू झालं की आत्या पदर कानावर घ्यायची.

संपत मोठा झाला, कारखान्यात लागला. आमच्या घरापासून सायकलवर येईल इतक्या अंतरावर तो नोकरी करायचा आणि एकदाही आला नाही. बाजारात दिसला तर मला हात करायचा. आत्या बरोबर असेल तर हात करायचा नाही. मग त्या उन्हाळ्यात बातमी आली की ज्येष्ठात त्याचं लग्न आहे. पत्रिका आली नाही. त्याच सुमारास दुसरी बातमी आली की पाणी यंदा कधी नव्हे इतकं खाली गेलंय, नदीकाठची जुनी घरं वर आलीत.

आत्या भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "शंकरा, मला माझ्या चुलीपाशी न्ये. माळ घावली म्हंजी मला मांडवात बसता यील."

तिला एवढंच हवं होतं. मुलाच्या मांडवात, घरच्या बायकांच्या ओळीत.

खणायचं तर कुठे? भिंती विरघळून गेलेल्या, वर गाळ बसलेला. दत्तोबाने निरोप पाठवला होता, "पुरा खडक फोडायचा का आमी? नेमकी जागा दावा, मंग यितो." इथे तात्या आमच्या गोष्टीत आले. तात्या आबांचे चुलतभाऊ, फौजेतून निवृत्त. आपण सुरुंग शोधायच्या कामावर होतो, असं ते सांगायचे. सुरुंगांनीच ह्याला शोधला, असं आबा म्हणायचे, कारण तात्यांचा एक कान पुरता गेलेला होता आणि दुसरा अर्धा. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या भंगारातून त्यांनी एक धातू शोधायचं यंत्र आणलेलं होतं. खांद्याला अडकवायची बॅटरीची पेटी, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तव्याएवढी चकती, आणि कानांवर घालायचे दोन जाड डबे. आता ज्याला यंत्र कळतं त्याला ऐकू येत नाही, म्हटल्यावर ज्याला ऐकू येतं पण काहीच कळत नाही असा माणूस लागत होता. घरात तसा एकच होता, आणि तो बी.एस्सी. होता.

तात्यांनी मला आमच्याच शेतात शिकवलं. चकती जमिनीच्या चार बोटं वर धरायची, सारवल्यासारखी फिरवायची, उचलायची नाही. "धातू कुं करतो," ते ओरडायचे, कारण अर्धा कान असलेली माणसं दुसऱ्यांनाही अर्धाच कान आहे असं धरून चालतात. "खडक घूं करतो. आपल्या काळ्या खडकात लोखंड मुरलेलं हाय, त्ये बी बोलतंय. घूं लांबनं यितं आन लांब जातं. कुं बसल्या जागी यितं आन तितंच मरतं. डावीकडनं बी आन उजवीकडनं बी त्याच जागी वाजलं, म्हंजी धातू. ध्यानात ठिवा, सायबा."

मी ध्यानात ठेवलं. आईच्या जोडव्यांवर सराव केला. जोडवं कुं म्हणायचं. मला वाटलं, ह्यात काय आहे.

मग आम्ही त्या खडकावर गेलो.

उन्हाळा कसा असतो ते मला तिथे कळलं. सावली नावाची गोष्ट त्या गावाबरोबरच बुडाली होती आणि ती काही वर आली नव्हती. वाळलेल्या बाभळीचे चार खुंट, त्यांवर बसलेले बगळे. खालून काळा खडक आणि वरून आभाळ, मधे आम्ही भाकरीसारखे. गाळावर पाय ठेवला की पापुद्रा फुटायचा आणि खालचा उबट चिखल बोटांत शिरायचा. आणि माणसं! नव्या गावठाणातून, आसपासच्या वाड्यांवरून माणसं आलेली, डोक्यावर टॉवेल टाकून, खिशात शेंगा घेऊन. आपल्याकडे दुसऱ्याच्या फजितीला माणूस उपाशी येत नाही.

चकती फिरवायला सुरुवात केली आणि अख्खा खडक बोलायला लागला. सगळीकडे घूं. चढता घूं, उतरता घूं. तात्या पाच हातांवरून ओरडायचे, "काय म्हणतंय?"

"घूं!"

"कसला घूं? म्हशीचा का भुंग्याचा?"

"म्हशीचा!"

"पक्का खडक! म्होरं चला!"

गर्दीतून कुणीतरी म्हशीसारखं हंबरलं आणि माणसं खिदळली. थोडं पुढे मी म्हणालो, "भुंग्याचा!" तर चार जण भुंगे झाले. पुढे तर मी तोंड उघडायच्या आतच आवाज यायचे. एकाने विचारलं, "सायेब, गाढवाचा कसा असतो, जरा करून दावा की." मी दाखवला नाही, पण त्या वेळचा माझा चेहरा पाहता वेगळा दाखवायची गरजही नव्हती.

कुं ऐकू यायचा तेव्हा बैलाच्या पायाची पत्री निघायची, कधी विळ्याचं तोंड, एकदा कडीला लागलेलं कुलूप. दार गेलेलं, भिंत गेलेली, कुलूप मात्र शाबूत लागलेलं. एक म्हातारा ते हातात घेऊन बराच वेळ खाली बसला. त्याला वाटत होतं ते त्याचं आहे. कुणीतरी त्याला विचारलं, "किल्ली हाय का बाबा?" तर सगळे पुन्हा हसले.

हे सगळं मी घरच्या पोरांना सांगतो. लग्नाकार्यात जमलो की पुतणे, भाच्या गोळा होतात, "काका, म्हशीचा घूं सांगा." मी करून दाखवतो, तात्यांचं ओरडणं करतो. पोरं लोळतात हसून. माझी गोष्ट तिथेच थांबते. पुढचं कुणी विचारत नाही, आणि हसणाऱ्या पोरांना ते सांगावं असं मलाही कधी वाटलं नाही.

पहिल्या दिवशी आत्या यंत्राच्या मागे मागे चालत होती. मग एकाएकी थांबली. वाकून तिने गाळाखालचा एक उंबऱ्याचा दगड चाचपला आणि पायातली चप्पल काढली. तापल्या खडकावर अनवाणी. तिथून पुढे ती वेगळीच चालायला लागली. सरळ जाता येत असताना वळसा घातला. एका जागी पाय उंच उचलून टाकला. आणि एका जागी मान खाली घालून वाकली, जिथे वर आभाळाशिवाय काही नव्हतं. तिच्या स्वयंपाकघराचं दार बुटकं होतं. माणसं हसली. दत्तोबाची बायको मोठ्याने म्हणाली, "बघा बया, डोस्कं लागंल वैनींचं!" आत्याला ऐकू गेलं असेल. ती चार पावलं चालली आणि उकिडवी बसली.

"हितं," ती म्हणाली. "तिनसांजचं हितं बसलं की पाठीला नदीचं वारं लागायचं."

मी चकती तिथे नेली. घूं बदलला. तो लांबून आला नाही. एका हाताच्या वर्तुळात उठला आणि वर्तुळाबाहेर गेला की विझला. डावीकडून नेलं, तिथेच. उजवीकडून नेलं, तिथेच. जोडव्याइतका टोकदार नव्हता, जरा जाडसर होता, पण जागा सोडत नव्हता. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "काय?"

"बसल्या जागी वाजतंय, तात्या. दोन्हीकडनं."

तात्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. गर्दीतल्या शेंगा फोडायचा आवाज थांबला. मला तो क्षण आजही गोड आठवतो, याची लाज वाटते. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या फिजिक्सकडे कुणी आदराने बघत होतं.

आबा आत्याच्या कानाशी म्हणाले, "अक्का, आज ऱ्हाऊ दे. उद्या पहाटं आपुन दोगंच यिऊ, आदी बघू, मंग भावकीला बोलवू."

आत्याने मान हलवली. "न्हाय शंकरा. गुपचूप खांदलं तर म्हंतील आत्ता आणून ठिवली. समद्यांच्या म्होरं निघाली पायजे. आन चुलीखालची जमीन घरच्या पोरानंच फोडायची असती. संपतला बोलवा."

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या घरची रीतच तशी होती आणि तिला सगळं रीतीनेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी आली. पोत्यांवर बसली. संपत पहार घेऊन आला. वर्ण आईचा, उंची आईची, आणि नजर दत्तोबाकडे. आत्याने गाळ खरवडून खडक उघडा केला. चुलीची माती कधीच विरघळली होती, खाली फक्त तांबूस-काळा डाग उरला होता. त्यावर तिने हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. विधवेने कुंकवाला हात लावला म्हणून कुणीतरी खाकरलं. तिने वर पाहिलं नाही.

संपतने पहार घातली. फरशीची कड लागली. फरशी होती! गर्दी उठून पुढे आली, तात्या "मागं सरा, मागं सरा" ओरडायला लागले. संपतने फरशी उलथली. खाली खळगा, गोल, हातभर, भिंतीवर छिन्नीचे घाव स्पष्ट. आत्या जसा सांगत आली होती तसाच, तंतोतंत. खळगा गाळाने भरलेला. संपत गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गाळ काढायला लागला. एक ओंजळ, पुन्हा एक. प्रत्येक ओंजळ तो खडकावर पसरायचा आणि आत्या बोटांनी ती चिवडायची. मग संपतची नखं दगडावर घासल्याचा आवाज आला. तळ. कोरा, ओला, काळा खडक.

मी चकती पुन्हा खाली धरली. तळ वाजत होता. कडा वाजत होत्या. काढून ठेवलेली फरशीसुद्धा वाजत होती. तिथे सोनं नसतानाही ती सगळी जागा वाजत होती.

तरीही माझ्या बी.एस्सी. डोक्याला वाटलं, सिद्ध झालं की! बाई म्हणत होती चुलीखाली फरशी आहे, फरशी निघाली. म्हणत होती खळगा आहे, खळगा निघाला. मग बाई खरी. माळ कुणी का काढली असेना, बाई खरी. मी हसत हसत वर पाहिलं. हसणारा मी एकटाच होतो.

संपत तसाच गुडघ्यांवर बसलेला होता, कोपरांपर्यंत चिखल. त्याने आईकडे पाहिलं. लहानपणापासून पहिल्यांदा तिला हाक मारली.

"आय," तो म्हणाला, "मंग काढली तरी कवा?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. त्याच्या मनात तोवर थोडी शंका असावी, आई खोटं बोलते की काय याची. खळगा दिसला आणि शंका फिटली. आई जागेबद्दल खरं बोलत होती. जागा तिला ठाऊक होती. दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. आणि खळगा रिकामा होता.

त्या 'आय'ला ओ द्यावी की त्या प्रश्नाला उत्तर द्यावं, हे आत्याला ठरवता आलं नसावं. दत्तोबाला बोलायची गरजच उरली नव्हती. त्याने टॉवेल झटकला आणि माणसं उठली.

सगळे गेल्यावर मी रिकामपणी यंत्र घेऊन हिंडलो. शेजारचं जोतं, त्याच्या पलीकडचं. जिथे तांबूस-काळा डाग दिसेल तिथे चकती धरायची. तोच आवाज, बसल्या जागी, दोन्हीकडून. प्रत्येक चूल वाजत होती. तात्या म्हणाले, "यवढ्या चुलींखाली सोनं असतं तर ह्या गावानं धरण हितं बांदू दिलं असतं व्हय?" पुढे बारामतीच्या कॉलेजात सरांना विचारलं तेव्हा कळलं, की मातीला आणि लोखंड मुरलेल्या दगडाला वर्षानुवर्षं विस्तवाची धग लागली की त्यांचा गुण बदलतो, ती जागा यंत्राला वेगळी लागते. तात्यांचा नियम चुकीचा नव्हता. फक्त तो सुरुंगांसाठी होता. सुरुंगावर कुणी भाकरी भाजत नाही.

आत्याला मी हे समजावून सांगितलं. ती चुलीत फुंकत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यानला सांगितलंस?"

"सांगितलं."

"मंग?"

"हसले."

"यंत्राचं सोड," ती म्हणाली. "म्या बी त्याच जागी बोट दावलं न्हवतं का?" आणि पुन्हा फुंकायला लागली.

माळ कुणी काढली, मला आजही ठाऊक नाही. घर हलवताना म्हातारीने स्वतःच उपसून दुसरीकडे ठेवली असेल आणि सांगायच्या आत डोळे मिटले असतील. किंवा ठेवताना कुणी तिला पाहिलं असेल. ज्यांना ठाऊक असेल ती माणसं आता नाहीत. आत्याही नाही.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा दत्तोबा आमच्या दारात आला. हातात पत्रिका, अक्षता. ओसरीवर बसला, पाणी प्याला, उसाचं विचारलं. मग म्हणाला, "वैनी, झालं त्ये झालं. पोराचं लगीन हाय. आमी काय राक्षस न्हाय. तुमी या. मायीच्या जागंवर बसा. शंकरराव मामा म्हणून पाठीशी उबं ऱ्हावू द्या. फकस्त भावकीतल्या चार म्हाताऱ्या माणसांम्होरं यवढं म्हणा, की चुकलं. त्यांचा बी मान ऱ्हायला पायजे."

"काय चुकलं?" आबांनी विचारलं.

दत्तोबा समजूतदारपणे हसला. तो खरोखरच मोठ्या मनाने आला होता. माफ करायला आलेल्या माणसाइतका भयंकर माणूस मी नंतर पाहिला नाही. समोर उभं राहून भांडावं तर तो भांडत नाही, आणि हाकलावं तर हातात पत्रिका आहे.

तो गेल्यावर आबा ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले. "अक्का, ह्ये बोलावणं न्हाय. ही गाढवावरची धिंड हाय. जाऊ नगंस."

आत्या पत्रिका न्याहाळत होती. तिला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, "आईचं नाव कुठं लिवत्यात, दाव."

मी दाखवलं. तिथे दत्तोबाच्या बायकोचं नाव होतं. मी म्हणालो, "हे, हितं."

ज्येष्ठात पाऊस लांबलेलाच होता. मांडवाचं कापड उन्हाने पिवळं पडलेलं, खाली घामाचा आणि बुंदीच्या तुपाचा वास. कर्ण्यावर गाणी इतकी मोठ्याने लागलेली की पाण्याच्या पिंपातलं पाणी थरथरायचं. अक्षतांच्या आधी दत्तोबाने आत्याला मांडवाच्या कडेला नेलं. तिथे चार म्हातारे सतरंजीवर बसलेले. आम्ही मागे उभे. आत्याने नवं लुगडं नेसलेलं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. तिने हात जोडले आणि काहीतरी बोलली.

"आं?" मधला म्हातारा म्हणाला. "काय म्हणती? गाण्यात काय ऐकू यिना."

ती पुन्हा बोलली. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. "म्होटं बोल की बाई!"

आत्याने श्वास घेतला. नेमकं तेव्हाच मंगलाष्टकांसाठी कर्णा बंद केला आणि सगळा मांडव क्षणभर गप्प झाला.

"माळ म्याच काढली व्हती," आत्याचा आवाज मांडवभर गेला. "चुकलं माजं."

जेवणाच्या तयारीतली भांडीसुद्धा थांबली. बायकांच्या ओळीतून कुणीतरी, वाईट हेतूने नव्हे, सहज, जसं भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "आन मंग केलं काय तिचं?"

ह्याची तयारी तिने केलेली नव्हती. दत्तोबाच्या अटीत हे नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, बोहल्याकडे पाहिलं. संपत मुंडावळ्यांच्या आडून बघत होता. मग तिने आबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "भावाला दिली."

सगळ्या मांडवाने आबांकडे मान वळवली. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणाचं काडीएवढं घेतलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना तापट, कंटाळवाणा अभिमान होता, तो आम्ही घरी रोज ऐकायचो. मला वाटलं, आता मांडव पेटणार. आबांनी डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी नीट केला.

"व्हय," ते म्हणाले. "माज्यापाशी दिली."

मग ते चालत बोहल्याकडे गेले आणि नवरदेवाच्या पाठीशी, मामाच्या जागेवर उभे राहिले. भटजींनी सुरू केलं. अक्षता पडल्या. आत्या बायकांच्या ओळीत, पहिल्या जागेवरच्या दत्तोबाच्या बायकोशेजारी बसली होती. तिला जागा करून द्यायला बाया जरा जास्तच सरकल्या होत्या.

परतताना वडगावच्या फाट्याला जीप कुणासाठी तरी थांबली. आबा पुढे बसले होते. मागे न बघता त्यांनी विचारलं, "अक्का, पाया पडताना संपत काय म्हणला गं?"

आत्या लुगड्यावरच्या घडीच्या रेघा बोटाने मोडत होती.

"जेवून जा म्हणला."

आबांनी मान हलवली. "मंग जेवलीस का?"

"जेवले की," आत्या म्हणाली. "पोटभर."